अंड्याच्या टरफलांची पूड

आमच्या कुत्रीला आम्ही कधी नाव दिलं नाही. वडील, म्हणजे आमचे दादा, मला लहानपणापासून 'बाई' म्हणतात आणि तिलाही ते 'बाई'च म्हणायला लागले. अंगणातून त्यांनी हाक मारली की कधी कधी आम्ही दोघी एकदमच दारात यायचो. आई हसायची. शेजारणीला सांगायची, "दोन लेकी हायत आमाला. एक शिकायलीय, एक राखण करायलीय."

कुत्री घरी आली तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमचं गाव वालूरपासून सहा किलोमीटरवर, आणि परभणीची सकाळची पहिली बस गाठायची तर फाट्यापर्यंत दीड किलोमीटर चालावं लागायचं. हिवाळ्यात त्या वेळी धड उजाडलेलं नसायचं. वडिलांची ती धार काढायची वेळ, आईची चुलीपुढची. पोरीला एकटीला एवढ्या पहाटे कशाला पाठवता, असं भावकीत दोघा-तिघांनी बोलून दाखवलं होतं. मग ही तांबडी कुत्री माझ्यापुढे चालायला लागली. फाट्यावर बस आली की शेपूट हलवायची आणि परत फिरायची. तीन वर्षं. एक कंडक्टर मला रोज विचारायचा, "मॅडम, हिचं तिकीट काढायचं का नाही?"

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आज मी सेलूच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्या पदवीत आईवडिलांचे कष्ट आहेत, शिक्षकांचे उपकार आहेत, आणि या कुत्रीचाही वाटा आहे असं मी मनापासून मानते. मागच्या पोळ्याला ती माझ्यामुळे मरता मरता राहिली. तिला चांगलं खायला घालण्याच्या नादात मी ते केलं. त्याबद्दल मला नीट लिहून ठेवायचं होतं.

गावात कुत्र्याचं जेवण म्हणजे भाकर. ताकात नाहीतर वरणात कुस्करलेली, आणि उरली तर. वर्षभरापूर्वी मी तिला पिसाळण्याची लस टोचायला वालूरला नेलं. तिथे जनावरांचे एक डॉक्टर आहेत, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी तिच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, केस उलटे फिरवून पाहिले आणि विचारलं, "हिला खायला काय घालता?"

"भाकर. कधी दूध-भाकर."

"पोट भरतं हो त्यानं. अंग नाही भरत."

मग त्यांनी एका कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. वाडग्याचा निम्मा भाग शिजवलेली कोंबडी नाहीतर अंडी. उरलेल्या निम्म्यात भात किंवा मऊ शिजलेल्या ज्वारीच्या कण्या, आणि त्यात लाल भोपळा, गाजर, दोडका, मिळेल ती भाजी. वरून चमचाभर करडईचं तेल. आठवड्यातून एकदा थोडं काळीज. मीठ, तिखट, कांदा, लसूण बिलकुल नाही. आणि शेवटी, अंड्याच्या टरफलांची बारीक पूड, तिच्या वजनाला अर्धा चमचा. नुसत्या मांसात कॅल्शियम नसतं म्हणून.

तो कागद मी वहीत उतरवून घेतला. संतुलित आहाराचा तक्ता मी दरवर्षी फळ्यावर काढते; मुलं तो वहीत काढतात, परीक्षेत लिहितात आणि घरी जाऊन भाकरी-ठेचा खातात. मीही तशीच शिकले. त्या तक्त्यावरून खरोखर कुणाचं तरी ताट वाढायची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणून गोठ्याच्या मागे, लिंबाखाली तीन दगड मांडले. एक ॲल्युमिनियमचं, 'जर्मनचं' पातेलं वेगळं काढलं. त्याला आईनं कधी हात लावला नाही. टरफलं मी फाट्यावरच्या ऑम्लेटच्या गाड्यावरून आणायची. गाडावाला म्हणायचा, "मॅडम, अंडं इथंच ठेवून टरफलं नेणारं गिऱ्हाईक मी पयल्यांदाच पायलं." ती धुवायची, आतला पापुद्रा काढायचा, उन्हात वाळवायची, तव्यावर भाजायची आणि जुन्या लोखंडी खलात पिठासारखी होईस्तोवर कुटायची. वडील बाजेवर बसून बघायचे. "आमच्या बापानं आमाला असं कुटून घातलं न्हाई," म्हणायचे.

तीन महिन्यांत तिचे केस तेल लावल्यासारखे चमकायला लागले. लोक थांबून विचारायचे. उन्हाळा संपता संपता ती गाभण राहिली, आणि इथे माझी चूक सुरू होते.

त्याच वेळी आमची म्हैसही गाभण होती. वडिलांनी तिच्यासाठी कॅल्शियमचा पाच लिटरचा कॅन आणला होता. दुभतं जनावर असलेल्या बहुतेक घरांत तो असतोच. रोज सकाळी म्हशीला त्यातलं पाजलं जायचं. आई एकदा सहज म्हणाली, "गाभण जनावराला हे लागतंच. तुझ्या कुत्रीलाबी घाल की घोटभर."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्याला शास्त्राचा आधार दिला. पिल्लांची हाडं कशाची होणार? कॅल्शियमची. ते कुठून येणार? आईच्या खाण्यातून. मग खाण्यात जास्त हवं. गणित सरळ होतं. मी कॅनमधलं दोन चमचे तिच्या वाडग्यात ओतायला लागले, आणि टरफलांच्या पुडीचा अर्धा चमचा शिगोशीग भरून एक केला. वहीतही तसं लिहून ठेवलं. दीड महिना रोज. डॉक्टरांना विचारायचं मला सुचलं नाही असं नाही. फोन हातातच असतो. पण मला वाटलं, एवढं तर आपल्याला कळतं.

श्रावण लागला आणि दोन-तीन दिवसांत ती कडब्याच्या खोलीत व्याली. पाच पिल्लं, सगळी धडधाकट. आईनं तिला बाळंतिणीसारखं धरलं. बाजरीची भाकरी, हळिवाची खीर, सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध. पण श्रावण आई कडक पाळते. पहिल्याच सोमवारी मी पातेलं घेऊन लिंबाकडे निघाले तर तिनं वाट अडवली.

"एक महिना दम धर."

"आई, ती पाजायलीय. तिला आत्ताच जास्त—"

"मी काय उपाशी ठिवायलेय का तिला? दूध हाय, खीर हाय. ह्या महिन्यात अंगणात अंडी शिजवू नको माय. मला जेवण जायचं न्हाई."

आईनं माझ्यासाठी जे सोसलं त्यापुढे हे फार मोठं मागणं नव्हतं. मी पातेलं परत ठेवलं. फाट्यावर गेले तर गाडावाल्यानंही तव्याऐवजी कढई चढवली होती. श्रावणात ऑम्लेट कोण खाणार? "पोळा होईस्तोवर भजीच, मॅडम," तो म्हणाला. म्हणजे टरफलं बंद. घरातली पूड चार दिवसांत संपली. म्हशीचा कॅन मी आधीच गोठ्यात परत ठेवला होता, कारण माझ्या हिशेबानं ते गाभणपणाचं औषध, आणि गाभणपण संपलेलं. शिवाय दूध तर ती पितच होती. दुधात कॅल्शियम असतं, हे पाचवीच्या पुस्तकात आहे.

पाच पिल्लं तिला दिवसभर लुचत होती. ती खंगत चालली तसा मी भात वाढवला.

पोळ्याच्या दिवशी पिल्लं सत्तावीस दिवसांची होती. सकाळपासून ती खोलीत ठरत नव्हती. पिल्लं जवळ आली की उठायची, त्यांना झटकून बाहेर यायची, तोंड भिंतीला घासायची. एकदा एका पिल्लावर दात विचकले. तिनं असं कधी केलं नव्हतं.

"पिल्लांनी हैराण केलंय तिला," आई म्हणाली. आम्ही दोघी पुरण वाटत होतो. वडील बैलांच्या शिंगांना रंग देत होते. सणाच्या धांदलीत मीही तेवढ्यावरच सोडून दिलं.

दुपारी ती गोठ्यातल्या ओलसर जागेत जाऊन बसली. जीभ बाहेर, धाप एवढी की बरगड्या मोजता याव्यात. मी पाणी नेलं, ती प्यायली नाही. उठून चार पावलं टाकली तर पुढचे पाय ताठ, जणू काठ्यांवर चालतेय. मी वडिलांना सांगायला वळले, पण ते बैल घेऊन वेशीकडे निघून गेले होते.

चारच्या सुमारास ती अंगणाच्या मधोमध आडवी पडली. चारी पाय ताणलेले, मान मागे, जबडा घट्ट, आणि ओठांच्या कडेनं फेसाळ लाळ. सगळं अंग थरथरत होतं. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. मी अंगाला हात लावला. भाजलेल्या भाकरीसारखं गरम.

तेवढ्यात शेजारचे काका त्यांच्या बैलाची विसरलेली झूल न्यायला परत आले. कुडावरून त्यांनी पाहिलं.

"सर मागं! हात लावू नको! पिसाळलंय ते!"

"नाही काका, लस दिलीय तिला."

"लस-बिस मला सांगू नको. लाळ बघ तिची. आज सगळं गाव रस्त्यावर हाय, बैलं हायत, लेकरं हायत. एकाला चावली तर?"

त्यांच्या आवाजानं गल्लीतले आणखी दोघे जण आले. एकाच्या हातात बैल हाकायची काठी होती. ते वाईट लोक नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत पिसाळलेल्या कुत्र्यानं धिंगाणा घातला होता, ती भीती सगळ्यांच्या मनात होती. मला कळत होतं की ते आता फार वेळ थांबणार नाहीत.

मी तिच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले आणि डॉक्टरांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"पिल्लं किती दिवसांची?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"सत्तावीस."

"पाय ताठ आहेत? अंग गरम?"

"हो."

"पिसाळलेली नाही ती. कॅल्शियम उतरलंय रक्तातलं. पिल्लं आधी तोडा तिच्यापासून. तोंडात पाणी, दूध, काही घालू नका, छातीत जाईल. आणि आत्ता, लगेच आणा. तासाभराच्या आत. पुढचं मी सांगू शकत नाही."

काठीवाल्यानं काठी खाली घेतली, पण काका म्हणाले, "आणि नेतीस कशावर? जीपवाले समदे वेशीत."

आईनं आतून वाकळ आणली. तिनं ती कुत्रीभोवती गुंडाळली, आणि मला म्हणाली, "गाडी काढ. दादाला वेशीतून घे. पिल्लांचं मी बघते." कुत्रीला तिनं स्वतः उचलून स्कूटीवर माझ्या पायांशी ठेवलं. काकांनीच मग पुढे होऊन वाकळीची गाठ मारली. म्हणाले, "हळू जा. खड्ड्यात आपटू नको."

गावाबाहेर जायचा गाडीरस्ता एकच, वेशीतून. आणि वेशीत तोरण बांधलेलं होतं. आंब्याची पानं, त्याच्याखाली दोन्ही बाजूंनी बैलजोड्या दाटलेल्या, वाजंत्री सुरू. मानाची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय पोळा फुटत नाही, आणि तोवर त्या तोरणाखालून कुणी जात नाही. माणूस नाही, वाहन नाही. यावरून आमच्या गावात एकेकाळी डोकी फुटली आहेत. मानाची जोडी ज्या घराची, तिथले म्हातारे बाबा अजून फेटा बांधत ओट्यावर बसले होते. मी हॉर्न वाजवला तसे पन्नास चेहरे माझ्याकडे वळले.

वडील आमच्या जोडीचा कासरा धरून मधल्या रांगेत होते. त्यांनी मला पाहिलं, पायाशी वाकळ पाहिली, वाकळीतून बाहेर आलेला ताठ पाय पाहिला. वर्षातून एकदा आमचे बैल असे सजून उभे राहतात. वडिलांनी कासरा बाजूच्या माणसाच्या हातात दिला आणि गर्दीतून वाट काढत सरळ ओट्यापाशी गेले.

"बाबा, कुत्री मरायलीय. वालूरला न्यायचीय. जाऊ का?"

वाजंत्री थांबली. कुणीतरी मागून म्हणालं, "कुत्र्यापायी पोळा बाटवता का आता?" दुसरा म्हणाला, "दहा मिंटं थांबा की."

दहा मिनिटं. मी खाली बघत होते. वाकळीतली थरथर वाढली होती. बाबांनी फेट्याचा शेव खोचला, उठून खाली आले, वाकळ बाजूला करून बघितलं.

"पाजणारी हाय का ही?"

"हो बाबा. पाच पिल्लं आहेत," मी म्हणाले.

"मग इचारता काय? पाजणारं जनावर हाय." ते वळून ओरडले, "बैलं मागं घ्या रे! वाट द्या!"

जोड्या सरकल्या. वडील मागे बसले, त्यांनी तिला मांडीवर घेतलं, आणि आम्ही तोरणाखालून गेलो. मानाच्या जोडीच्या आधी. मागून वाजंत्री पुन्हा सुरू झाली का, ते मला ऐकू आलं नाही.

त्या सहा किलोमीटरांत वडील एकच बोलत होते, "बाई, ए बाई." ती हाक मला होती की तिला, हे मी विचारलं नाही. वाटेत तिला दोनदा झटका आला. दुसऱ्या वेळी वडिलांचा आवाज बंद झाला, आणि मला मागे वळून बघायचा धीर होईना.

डॉक्टर दवाखान्याच्या दारातच उभे होते. टेबलावर ठेवल्या ठेवल्या त्यांनी पुढच्या पायावरचे केस काढले, शीर शोधली. दोन वेळा सुई निसटली. तिसऱ्यांदा लागली. मग स्टेथोस्कोप कानात घालून ते औषध सोडायला लागले, इतकं हळू की पिचकारीचा दट्ट्या हलतोय हे दिसत नव्हतं.

"थोडं भराभर..." माझ्या तोंडून गेलं.

"भराभर दिलं तर काळीज थांबेल तिचं. बोलू नका."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. एकदा ते मध्येच थांबले, ठोके ऐकत राहिले. वडिलांनी माझा दंड धरला. मग दट्ट्या पुन्हा हलला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आधी तिच्या कानांची थरथर थांबली. मग मागचे पाय सैल झाले. जबडा उघडला आणि तिनं एक मोठी जांभई दिली. मग तिथंच टेबलावर लघवी केली. डॉक्टर पहिल्यांदा हसले, म्हणाले, "चला. गाडी परत रुळावर." आणि खुर्चीत बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मग त्यांनी विचारलं, "गाभण असताना कॅल्शियम दिलं होतं का वेगळं?"

"हो सर," मी लगेच म्हणाले. मला वाटलं, माझ्या बाजूची ही एकच गोष्ट आहे. "रोज दिलं. म्हशीचं, दोन चमचे. आणि टरफलांची पूड दुप्पट."

त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला. "आणि व्याल्यावर?"

"व्याल्यावर... बंद झालं. श्रावण होता."

"बघा," ते म्हणाले, आणि रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते शांतपणे सांगायला लागले. "शरीराचं कॅल्शियमचं कोठार म्हणजे हाडं. गरज पडली की शरीर तिथून काढतं. पण तुम्ही दीड महिना बाहेरून रोज भरपूर घातलं. मग शरीरानं कोठाराचं दार उघडायची सवयच सोडली. त्यात पिल्लं झाली, दुधातून भराभर कॅल्शियम जायला लागलं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही बाहेरचं बंद केलं. शरीर कुठून आणणार? गाभणपणी जास्तीचं द्यायचं नसतं. द्यायचं ते पाजताना."

वडिलांनी विचारलं, "म्हशीचंबी तसंच का डॉक्टर?"

"म्हशीलाही शेवटचे दिवस जपूनच. द्यायच्या आधी मला विचारत जा."

हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे पुस्तकातलं. गळ्याजवळच्या त्या चिमुकल्या ग्रंथी, त्यांचा स्राव, हाडांतून कॅल्शियम काढणं. बी.एस्सी.ला मी आकृतीसह उत्तर लिहिलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. पण माझ्या अंगणात ते घडत होतं तेव्हा मला ओळखता आलं नाही. टेबलाची कड धरून मी उभी होते, आणि डॉक्टरांना माझा चेहरा दिसला असावा. म्हणाले, "उलटं केलंत, पण आणलंत वेळेत. आता ऐका. पिल्लांना आजचा आणि उद्याचा दिवस बिलकुल पाजू द्यायचं नाही. त्यांना मऊ भात दुधात कालवून बशीत शिकवा, वय झालंय त्यांचं. हिला आज संध्याकाळीच जेवण पाहिजे. अंडं, भात, टरफलांची पूड मी सांगतो तेवढी. तुमच्या घरचा श्रावण आज संपतो, पण उद्याची वाट बघू नका. रात्रीतून परत झटका आला तर मला काही करता येईल की नाही, सांगता येत नाही."

परत निघताना वडिलांनी आईला फोन केला. "वाचली, पण जेवली पायजे," एवढंच बोलले. फाट्यावर गाडा बंद होता. सणाच्या दिवशी वालूरलाही अंड्यांची दुकानं उघडी नव्हती. गावात शिरलो तेव्हा पोळा फुटून गेला होता, तोरण खाली लोळत होतं, आमची जोडी कुणीतरी घरी आणून बांधली होती. आईला कसं विचारायचं, हे मी वाटभर जुळवत होते.

घराच्या मागे धूर दिसला. आई लिंबाखाली तीन दगडांसमोर बसली होती. पदर नाकाला लावलेला, समोर ते जर्मनचं पातेलं, आणि त्यात खदखदणाऱ्या पाण्यात सहा अंडी. गल्लीच्या टोकाला कोंबड्या पाळणारं घर आहे, तिथून ती स्वतः घेऊन आली होती.

"किती शिजवायची असत्यात हे मला काय मालूम," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दादाचा फोन आल्यापासून शिजवायलेय. बघ बरं झाली का."

अंडी दगडासारखी झाली होती. मी सोलायला घेतली. आईनं टरफलं एका ताटलीत गोळा केली, धुतली, तव्यावर भाजली, आणि खल पुढे ओढून स्वतः कुटायला बसली. ती कुटत असताना मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"मीच म्हनले व्हते घोटभर घाल म्हणून."

"तू म्हणालीस. मी शिकलेली होते ना, आई. मी विचारायला पाहिजे होतं."

ती पुन्हा कुटायला लागली. कुटतच म्हणाली, "आता सांग किती घालायची. आज मोजून घाल."

मी वही उघडली आणि मोजून घातली. वाडगा कुत्रीसमोर ठेवला. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. खोलीतून पाचही पिल्लं केकाटत होती. ती लटपटत उठली आणि खोलीच्या दाराशी जाऊन नाक लावलं. वडील दाराला पाठ लावून बसले होते. त्यांनी तिला दोन्ही हातांनी बाजूला केलं. ती परत आली. परत बाजूला केलं. असं किती वेळा झालं कोण जाणे. अंधार पडायला लागला होता आणि वाडगा तसाच होता. मी तिच्या मागच्या पायांकडे बघत होते. थरथर परत आली तर आधी तिथं दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

शेवटी आई तिच्या शेजारी मातीत बसली. त्या दिवसाआधी जन्मात जिनं अंडं हातात धरलं नव्हतं, तिनं वाडग्यात हात घालून भात-अंडं कालवलं, लहान मुलाला भरवावं तसा घास केला आणि तिच्या तोंडापुढे धरला.

"खा गं माय. तुझी पिल्लं रडायलीत."

तिनं घास चाटला. मग घेतला. मग दुसरा. पुरता वाडगा संपेपर्यंत आई तिथून हलली नाही, आणि वडील दारातून उठले नाहीत. नैवेद्याची पुरणपोळी आत झाकलेलीच होती. आम्ही तिघं ती खूप उशिरा जेवलो.

सकाळी ती उभी होती. नुसती उभी नाही, वाडगा चाटून पुसून कोरडा केला होता, आणि वडिलांच्या बाजेशेजारून खोलीच्या दाराकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या सांगण्यावरून दार उघडलं, तेही थोड्या थोड्या वेळासाठी. पाचही पिल्लं तोवर बशीतून खायला शिकली होती.

वहीतलं ते पान मी फाडलं नाही. गाभणपणातल्या वाढीव चमच्याच्या ओळीवर काट मारली आणि बाजूला तारीख घालून लिहिलं की ही माझी चूक आहे. आईला वाचता येत नाही, पण ते पान कुठलं हे तिला माहीत आहे. मी वाडग्यात काही नवीन घालायला निघाले की ती चुलीपासून विचारते, "इचारलंस का डॉक्टरला?" मग मी आधी फोन लावते.